नेरूळचा तलाव आणि प्रवाळाचा पंप

शुक्रवार, ठाणे

कराडहून रात्रीच्या एसटीने निघून पहाटे खोपटला उतरलो. भाची न्यायला आली होती. ती राहते नेरूळला, प्रवाळांच्या सांगाड्यांवर पीएचडी करते आणि फोनवर माझ्याशी एकाच मुद्द्यावरून भांडते. मी रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर. ‘समुद्र आम्लधर्मी झाला, प्रवाळ विरघळू लागले’ अशी बातमी वाचली की मी तिला फोन लावणार: अगं, समुद्राचा पीएच आठाच्या वर आहे, म्हणजे पाणी अल्कधर्मीच, त्यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळेल कसं? तिचं ठरलेलं उत्तर, “मामा, हे फोनवर व्हायचं नाही. या इकडे.” म्हणून आलो.

मामलेदार कचेरीजवळची मिसळ खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, त्यावर चर्चा नको. तिथून तिच्या जुन्या सरांच्या कॉलेजात गेलो. प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत फॉर्मेलिनच्या बरण्या, धूळ खाल्लेली काचेची कपाटं, आणि एका कपाटात पांढरे सांगाडे. शिंगांसारख्या फांद्यांचा अॅक्रोपोरा, मेंदूच्या वळ्यांसारख्या नागमोडी खाचांचा ब्रेन कोरल, दगडाच्या गोळ्यासारखा पोराइटीस.

तिने आधी फंजिया हातात दिला. जेवणाच्या ताटलीएवढी चकती, वर कडेपर्यंत गेलेले पातळ उभे पडदे. एवढी सगळी चकती एकट्या पॉलिपची, म्हणजे एकाच प्रवाळ-प्राण्याची. बाकीच्या बहुतेक प्रवाळांत पॉलिप काही मिलिमीटरचा असतो आणि हजारो मिळून एक वसाहत बांधतात. भिंगातून पाहिलं तर पोराइटीसच्या गोळ्यावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतात. एकेका खड्ड्यात एकेक प्राणी बसलेला होता. खड्ड्याच्या आतले पडदे सहाच्या हिशेबाने रचलेले.

“यातलं जिवंत किती असतं?” मी विचारलं.

“वरचा पापुद्रा. पोराइटीसमध्ये काही मिलिमीटर जाडीचा, फार तर सेंटिमीटरभर. खालचं सगळं सोडून दिलेलं.”

प्राणी वर सरकतो आणि पायाखाली पातळ आडवा तक्ता घालून जुनी जागा बंद करतो. पोराइटीसमध्ये असा तक्ता साधारण दर चांद्रमासाला पडतो. वर्षाला उंची वाढते ती जेमतेम सेंटिमीटरभर. अॅक्रोपोराच्या फांद्या मात्र वर्षात दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वाढू शकतात.

मला जास्त आवडली ती एक्स-रेची गोष्ट. पोराइटीससारख्या प्रवाळाचा पातळ काप काढून एक्स-रे घेतला तर आलटून पालटून दाट आणि विरळ पट्टे दिसतात. एक दाट आणि एक विरळ मिळून एक वर्ष. याची खात्री १९७२ मध्ये झाली, तीही पॅसिफिकमधल्या एनेवेटाक बेटावर. अमेरिकेने तिथे अणुचाचण्या केल्या होत्या. त्यांचे किरणोत्सारी अवशेष सांगाड्यात अडकले होते आणि चाचण्यांच्या तारखा माहीत होत्या. तारखा आणि पट्टे ताडून पाहिले, जुळले. बॉम्बचा असाही उपयोग.

निघताना मी सहज म्हटलं, असा एखादा तुकडा मिळाला असता तर आमच्या शाळेला दिला असता. भाची थांबली. दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंगतीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा पिशवीत टाकला तरी गुन्हा. कपाटातले नमुने जुने आहेत म्हणून आहेत.

शनिवार, ऐरोली

भरतीची वेळ बघून ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीत बसलो. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव गेलं. फ्लेमिंगो भरपूर होते. त्यांचं वर्णन मी करत बसत नाही. बोटीतल्या प्रत्येक मोबाइलमध्ये ते गेलेलेच आहेत. एका काकूंनी नवऱ्याला “अहो, उडताना घ्या ना” म्हणून इतक्यांदा सांगितलं की शेवटी थवाच उडाला.

आमचं लक्ष खांबांवर. भरतीच्या रेषेपर्यंत कालवं आणि त्यांच्यामध्ये खडबडीत बार्नॅकल चिकटलेले. तिवरांच्या बुंध्यांवरही तेच. इतक्या गढूळ पाण्यात, सांडपाण्याच्या शेजारी, हे जीव कॅल्शियम कार्बोनेटची घरं बांधतायत, मग प्रवाळच का नाही? ती म्हणाली, प्रवाळाला हवा उजेड, आणि खारटपणा टिकून राहिलेला. इथे गाळ उजेड अडवतो, वर अंगावर बसतो, आणि पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी उतरतं. भारतात मोठे प्रवाळ-प्रदेश मोजकेच: लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचं आखात आणि पाल्कचा उपसागर, कच्छचं आखात. आपल्याकडे मालवणला काही आहेत. मुंबईतही खडकांना धरून छोट्या वसाहती आहेत. वरळी आणि हाजी अलीच्या बाजूच्या वसाहती २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी उचलून दुसरीकडे लावल्या.

शिवाय सगळं कॅल्शियम कार्बोनेट सारखं नसतं, हे माझं क्षेत्र, त्यामुळे इथे मी बोललो. रेणूसूत्र एकच, स्फटिक दोन. मोठ्या कालवाचा शिंपला मुख्यतः कॅल्साइटचा. प्रवाळाचा सांगाडा अॅरागोनाइटचा. अॅरागोनाइट कॅल्साइटपेक्षा जरा लवकर विरघळतं. कोणता स्फटिक तयार होईल यात पाण्यातल्या मॅग्नेशियमचाही हात असतो. आजच्या समुद्रात कॅल्शियमच्या मानाने मॅग्नेशियम भरपूर आहे, आणि ते अॅरागोनाइटच्या बाजूने झुकतं. क्रिटेशियस काळात, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडात, ते प्रमाण खूप कमी होतं. २००६ मध्ये काही संशोधकांनी त्या जुन्या प्रमाणाचं समुद्री पाणी तयार करून त्यात आजचे प्रवाळ वाढवले, तर सांगाड्यात चक्क कॅल्साइटही आलं, आणि वाढ मंदावली. म्हणजे समुद्राचं रसायन याआधीही बदललेलं आहे आणि प्रवाळांनी ते सोसलेलंही आहे. फक्त ते बदल लाखो वर्षांत झाले.

“आणि आत्ताचा?” बोट वळताना ती म्हणाली. “तुम्हीच सांगा.”

सांगितलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात झाली तेव्हा दहा लाखात ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर. माणूस जेवढा सोडतो त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पितो. तो पाण्यात गेला की कार्बनिक आम्ल होतं, ते हायड्रोजन आयन सोडतं. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ होता, आता सुमारे ८.१ च्या खाली आला आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण ही लॉगरिदमची मोजपट्टी, एक अंक घसरला की हायड्रोजन आयन दहापट. हायड्रोजन आयन सुमारे तीस टक्क्यांनी वाढले. आणि खरा फटका पुढे आहे. हे आयन कार्बोनेट आयनांना पकडतात आणि त्यांचं बायकार्बोनेट करतात. समुद्रातल्या विरघळलेल्या कार्बनपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास आधीच बायकार्बोनेट आहे, कार्बोनेट जेमतेम दहा टक्के. त्या दहातच घट.

“पण उष्ण कटिबंधातलं वरचं पाणी अजून अतिसंपृक्त आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट मावतं त्याहून जास्त आहे,” मी म्हटलं. “अॅरागोनाइट विरघळायला संपृक्तता एकच्या खाली जावी लागते. तिथे ती तीन-चार आहे. मग विरघळतं कुठे?”

“मी कधी म्हटलं विरघळतं?”

रविवार, दिवाळे

सकाळी बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात मासळी घ्यायला. तिसऱ्यांचे वाटे मांडलेले. “मावशी, कसा दिला?” म्हटल्यावर मावशींनी माझ्या घाटी उच्चारांवरूनच दर ठरवला असावा. भाचीने मध्ये पडून दोन वाट्यांवर मूठभर जास्त टाकून घेतल्या.

तिसऱ्यांचं सुकं झालं, जेवण झालं, आणि उरलेल्या शिंपल्या मी व्हिनेगरमध्ये टाकल्या. सवय. बुडबुडे आले. भाचीने वाटी बाजूला सरकवली. हा प्रयोग शाळाशाळांत ‘समुद्राचं आम्लीकरण’ म्हणून दाखवतात आणि त्याचा तिला राग आहे. व्हिनेगरचा पीएच अडीचच्या आसपास; समुद्रापेक्षा त्यात हायड्रोजन आयन लाखपटींहून जास्त. “पोरं घरी जाऊन सांगतात, समुद्र आंबट झाला. मग कोणीतरी पीएच बघतो आणि म्हणतो, शास्त्रज्ञ खोटं बोलतात.” इथे ती माझ्याकडेच बघत होती, पण मी शेवटची तिसरी उचलण्यात गर्क होतो.

सोमवार

तिला काम होतं. मी पाम बीच रोडने बसने बेलापूरला गेलो, किल्ल्याचं जे काही उरलंय ते पाहिलं. सिद्दीचा, मग पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. आता चहूबाजूंनी इमारती. कोकणपट्टीत चुन्यासाठी शिंपल्या भाजायची जुनी रीत होती. भाजलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, भिंतीत चुना घट्ट होताना तो हवेतून परत घेतो. वर्गात हे समीकरण मी फार प्रेमाने शिकवायचो. चहा घेतला, परत आलो.

मंगळवार, नेरूळ

संध्याकाळी ती मला ज्वेल ऑफ नवी मुंबईला घेऊन गेली. लोक चालतायत, पोरं सायकली हाणतायत, मधोमध मोठं पाणी. मला वाटलं बागेसाठी केलेला तलाव. तिने सांगितलं, हा होल्डिंग पॉण्ड. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा आहे, काही ठिकाणी तर मोठ्या भरतीच्या पातळीच्याही खाली. म्हणून सिडकोने शहर आखताना डच धर्तीवर असे तलाव ठेवले. पावसाचं पाणी नाल्यांनी तलावात येतं. ओहोटीला झडपा उघडतात आणि ते खाडीत जातं. भरती चढली की खाडीच्याच पाण्याच्या रेट्याने झडपा बंद होतात, आणि शहर तेवढा वेळ आपलं पाणी तलावात धरून ठेवतं. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की मग पंप लावून पाणी बाहेर फेकावं लागतं.

“प्रवाळाचं हेच,” ती कठड्याला टेकून म्हणाली. “फक्त पाण्याच्या जागी प्रोटॉन घ्या, म्हणजे तुमचे हायड्रोजन आयन.”

पुढचा तासभर आम्ही तिथेच होतो. डास सोडले तर माझ्या या प्रवासातला तो सर्वांत चांगला तास.

पॉलिपच्या तळाशी पेशींचा एक पातळ थर असतो. तो थर आणि खालचा सांगाडा यांच्यामध्ये अतिशय अरुंद फट, मायक्रॉनच्या हिशेबातली. सांगाडा समुद्रात घडत नाही, तो या फटीत घडतो. फटीतलं पाणी समुद्राचंच, पण प्राण्याने बदललेलं. आत बायकार्बोनेट येतं. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून कॅल्शियम कार्बोनेट होताना एक प्रोटॉन सुटतो. एक दाणा घडला, एक प्रोटॉन उरला. लाख दाणे, लाख प्रोटॉन. ते तिथेच राहिले तर पीएच घसरतो, कार्बोनेट आयन उरत नाहीत आणि स्फटिक घडायचा थांबतो. म्हणून पेशींच्या आवरणात कॅल्शियम एटीपीएज नावाचा पंप आहे. एक कॅल्शियम आयन फटीत, दोन प्रोटॉन फटीबाहेर, आणि प्रत्येक फेऱ्याला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च.

हे मोजलेलं आहे. सूक्ष्म इलेक्ट्रोड फटीत घालून पाहिलं तर दिवसा तिथला पीएच नऊच्याही वर मिळाला आहे. सांगाड्यात अडकलेल्या बोरॉनच्या समस्थानिकांवरून काढला तर तो साधारण ८.३ ते ८.७ येतो. दोन पद्धतींचे आकडे जुळत नाहीत, पण बाहेरच्यापेक्षा आतला पीएच वर, यावर दोघींचं एकमत. म्हणजे बाहेर कार्बोनेट कमी असलं तरी आत प्रवाळ ते स्वतः तयार करून घेतो.

“मग बाहेरचा पीएच घसरला म्हणून त्याचं काय बिघडलं?”

तिने खाडीच्या दिशेने बोट दाखवलं. “बाहेर पाण्याची पातळी चढली मामा. पंप तोच, पण आता जास्त उंचीवर फेकायचंय.”

मी गप्प. हे समीकरण मला कोणी असं दाखवलं नव्हतं. बाहेर प्रोटॉन जास्त, म्हणजे आतला एकेक प्रोटॉन बाहेर ढकलायला जास्त ऊर्जा. सांगाडा घडतोच आहे, पण महाग पडतोय. आणि त्याच ऊर्जेतून त्याला अंडी घालायची आहेत, जखमा भरायच्या आहेत, शेजाऱ्याशी जागेसाठी भांडायचं आहे.

ही वीज येते कुठून? प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालांकडून, झूझँथेलींकडून. सूर्यप्रकाशात ती जे अन्न बनवतात त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात; काही वेळा नव्वद टक्क्यांपर्यंत. म्हणून उजेडात सांगाडा अंधारापेक्षा साधारण तिप्पट वेगाने वाढतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने वर गेलं आणि आठवडे तसंच राहिलं, की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. म्हणजे ऐन उधाणात पंपाची वीज गेली.

या सगळ्यावर शास्त्रज्ञांचं पूर्ण एकमत नाही, हेही तिने सांगितलं. एक गट म्हणतो, फटीतलं रसायन साधलं की स्फटिक आपोआप पडतो. दुसरा म्हणतो, आम्लधर्मी प्रथिनांची जाळी आधी विणली जाते आणि तिच्यावर आकार नसलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण येऊन बसतात, नंतर त्यांचं अॅरागोनाइट होतं. तिच्या मते दोन्ही खरं आहे. माझं मन प्रथिनवाल्यांकडे झुकलं. नुसत्या रसायनाने सहाच्या पटीतले पडदे कसे पडतील?

परत येताना तिने जी गोष्ट सांगितली ती मला रात्रभर पुरली. २००७ मध्ये इस्रायलच्या दोन शास्त्रज्ञांनी भूमध्य समुद्रातले प्रवाळ ७.३ ते ७.६ पीएचच्या पाण्यात ठेवले. सांगाडा खरंच गेला. पण प्राणी मेले नाहीत! वसाहत सुटली, एकेक पॉलिप मऊ, नागडा, समुद्रफुलासारखा वर्षभर जगला, उलट आकाराने वाढला. नेहमीच्या पाण्यात परत आणल्यावर त्यांनी पुन्हा सांगाडे बांधले. अडचण एवढीच, की नागडा पॉलिप जगला तरी बेट जगत नाही. लक्षद्वीप उभं आहे ते सांगाड्यांवर. एनेवेटाकला १९५२ मध्ये खोदलं तेव्हा काळा ज्वालामुखी खडक लागेपर्यंत बाराशे मीटरहून जास्त नुसता चुनखडक निघाला होता.

बुधवार, उरण लोकल

शेवटच्या दिवशी उरणला. ही लाइन थेट उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. गाडीत गर्दी बेताची. बामणडोंगरी, खारकोपर मागे गेलं आणि तिने लॅपटॉप उघडला. पोराइटीसच्या गाभ्यांचे, म्हणजे ड्रिलने काढलेल्या लांब दंडगोल तुकड्यांचे, सीटी स्कॅन. पट्टे तसेच, शुक्रवारी सांगितले होते तसे.

“यात काय दिसतं?”

“वाढ नेहमीसारखी वाटते.”

“उंची नेहमीसारखी आहे. दाटपणा बघा.”

इथे सगळं एकत्र आलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की पाण्यातलं कार्बोनेट घटलं तरी पोराइटीसची वरची वाढ फारशी बदलत नाही, मात्र सांगाडा विरळ होत जातो. प्राणी आधी उभी चौकट पुढे नेतो, मग मागून ती जाड करत येतो. ऊर्जा कमी पडली की काटछाट जाड करण्यात होते. बाहेरून पाहणाऱ्याला प्रवाळ ठणठणीत. उंची भरते, हाड पोकळ. पुढे लाट आदळते, पोपटमासा चावतो, आत भोकं पाडणारे किडे आणि स्पंज शिरतात, तेव्हा ते मोडतं. त्या लोकांचा अंदाज होता की शतकाच्या अखेरीपर्यंत काही ठिकाणी घनता वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते.

ग्रेट बॅरियर रीफच्या पोराइटीसवरचा २००९ चा अभ्यास म्हणतो की १९९० नंतर तिथलं कॅल्शियम कार्बोनेट साठणं चौदा टक्क्यांनी घटलं. पण त्यात उष्णता किती आणि रसायन किती, हे वेगळं काढता आलं नाही. उलट पॅसिफिकमधल्या पालाऊच्या काही खाड्यांत पाण्याचा पीएच नैसर्गिकरीत्याच कमी आहे आणि तिथे प्रवाळ छान भरलेले आहेत, फक्त त्यांच्या सांगाड्यांना भोकं कितीतरी जास्त.

“समुद्रात अल्कली टाकून पाहिली का कोणी?” माझा मास्तरी प्रश्न.

टाकली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग, ऑस्ट्रेलियाचं वन ट्री बेट. प्रवाळाच्या एका सपाट पट्ट्यावरून वाहणाऱ्या पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा मिसळून त्यांनी ते औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या रसायनाजवळ नेलं. सांगाड्यांची वाढ सात टक्क्यांच्या आसपास वाढली. आजच्या पाण्यात तेवढं हरवतंय, याचा जिवंत प्रवाळावर उघड्या समुद्रात मिळालेला हा पुरावा.

मी लगेच चुन्यावर आलो. सोडा महाग, चुना टाका. तिने विचारलं, चुना कुठून आणणार? चुनखडी भाजून. ५६ ग्रॅम चुन्यामागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आधी हवेत. समुद्रातला चुना त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड ओढून घेईल, म्हणजे गणित तोट्याचं नाही. पण भट्टीचं इंधन, दळण, जहाजं धरली की नफा किती उरतो यावर आम्ही उरण येईपर्यंत वाद घातला. भट्टीतला वायू पकडून जमिनीत पुरला तर जमेल, हे माझं म्हणणं. तिचं म्हणणं, तोवर उष्णता थांबणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये जगातली चौथी व्यापक ब्लीचिंग घटना जाहीर झाली, लक्षद्वीपही त्यातून सुटलं नाही.

पुढच्या महिन्यात ती तिकडेच जाणार आहे, परवानग्या घेऊन, पोराइटीसचे नवे गाभे काढायला. ड्रिलने भोक पाडायचं म्हणजे त्या प्राण्याला इजाच की, मी म्हटलं. भोक सिमेंटच्या बुचाने बंद करतात, ती म्हणाली, आणि कडेचे पॉलिप हळूहळू बुचावरून पसरतात. दाट पट्ट्यांत २०१० आणि २०१६ ची ब्लीचिंग ओळखता येतात का, हे तिला बघायचंय.

तिने लॅपटॉप मिटला. मला बाजारातून सुकट घ्यायची होती आणि भाव करायला ती बरोबर असणं गरजेचं होतं.